आर ड्राइव्हमधलं दूध

सकाळी साडेनऊला शटर वर करायला गेलो तर आण्णा माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले. मांडीवर लॅपटॉप, हातात वायर तशीच गुंडाळलेली. पन्हाळ्याकडच्या एका गावच्या दूध संस्थेचे ते सचिव, २२ वर्षं एकाच खुर्चीत. मला बघून उठले आणि म्हणाले, "दादा, आज सकाळचं सगळं दूध गेलं."

मला वाटलं कॅन सांडले. मग कळलं, नोंदी गेल्या होत्या.

सहा वाजता संकलन सुरू झालं. सात-सव्वासातला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून दोन महिन्यांपूर्वीच काढून ठेवलेली, त्यामुळे तो थेट प्लगवर चालत होता आणि जागीच बंद पडला. लाइट आल्यावर चालू केला तर शेवटची नोंद आदल्या संध्याकाळची. सकाळच्या १४३ उत्पादकांचं वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), काहीच नाही. त्यात तारीख १०. दहा दिवसांचं बिल त्याच संध्याकाळी निघायचं होतं. गोठ्यावरून आलेल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आण्णा, आमचं दूध कुणी प्यालं?" हे सांगताना आण्णांचा आवाज बसला.

लॅपटॉप माझ्या ओळखीचा नव्हता. उघडून पाहिलं तर ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, आणि 'माय कॉम्प्युटर'मध्ये सी, डी यांच्या जोडीला एक आर ड्राइव्ह. आकार ५१२ एमबी. संस्थेच्या प्रोग्रॅमचा सगळा डेटा त्या आरमध्ये.

रॅम डिस्क, म्हणजे रॅमचाच एक तुकडा ड्राइव्ह म्हणून वापरायचा. कितीतरी वर्षांनी बघत होतो. मी या धंद्यात आलो तेव्हा विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी (कॉम्प्युटर सुरू करून देणारी) घातली की रॅमचाच २ एमबीचा एक ड्राइव्ह तयार व्हायचा, दुरुस्तीची हत्यारं त्यात उलगडायची आणि सीडी ड्राइव्हचं अक्षर एकानं पुढं सरकायचं. नवख्यांचा त्यात गोंधळ उडायचा. तिथं ते ठीक होतं, कारण त्या ड्राइव्हमधलं गेलं तरी कुणाचं काही जात नव्हतं.

आण्णांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. सहा महिन्यांपूर्वी एका पावतीला ३५-४० सेकंद लागायला लागले होते. बायका कळश्या घेऊन रांगेत उभ्या, शाळेची पोरं खोळंबलेली. तालुक्याच्या एका दुकानात लॅपटॉप नेला, तिथल्या मुलानं तासाभरात काहीतरी केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पावती दोन सेकंदांत. आण्णा खूश. वहीत हातानं नोंद ठेवायची सवय होती, तीही त्यांनी बंद केली. मशीन एवढं पळतंय तर वही कशाला, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्या मुलाचं निदानही चूक नव्हतं. ही डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. शिवाय डोकं सरकायला आणखी दहा-बारा. सेकंदाला साठएक ठिकाणं गाठली की तिचा दम संपतो. सात वर्षांचा डेटा विखुरलेला, प्रत्येक पावतीला प्रोग्रॅम शेकडो ठिकाणी जाऊन बघणार, वर रॅम अपुरी म्हणून विंडोजही त्याच डिस्कवर सारखं उतरवाउतरव करणार. पावती रखडणारच. डेटा रॅममध्ये नेला की हे सगळं फिरणं थांबतं.

पण रॅममधली नोंद म्हणजे बारीक विजेचा साठा, आणि तो गळत असतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कुणी नाही. रॅम डिस्कच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये 'बंद होताना डिस्कवर जतन करा' एवढीच खूण केलेली होती. दर पाच मिनिटांनी जतन करायची सोय खालीच होती, रिकामी. सहा महिने आण्णा रोज नीट शटडाउन करत राहिले, म्हणून सहा महिने निभावलं. मला त्या मुलाचा राग आला, आजही आहे. अख्ख्या गावाचा पैसा त्यानं विजेच्या तारेवर टांगला आणि ज्यांचा तो पैसा, त्यांना एका शब्दानं सांगितलं नाही.

रॅममधून काही परत मिळणार नव्हतं. मग डोक्यात आलं, पावत्या छापल्या गेल्या होत्या. विंडोज छपाईला जाणारा कागद आधी सी ड्राइव्हवर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं आणि छापून झालं की पुसतं. हार्ड डिस्कवर पुसणं म्हणजे फक्त नाव काढणं. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर पडून असतो.

लॅपटॉप लगेच बंद केला. डिस्क काढून माझ्या लिनक्सच्या मशीनला फक्त वाचनासाठी जोडली, सी ची पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीत पावतीवर असतं ते संस्थेचं नाव शोधायला लावलं. आण्णा शेजारी स्टुलावर. पहिली पावती सापडली, कोड २१२, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.८, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. दीड वाजेपर्यंत ६१ मिळाल्या. बाकीच्यांच्या जागी पुढच्या पावत्या लिहिल्या गेल्या होत्या. ज्या मंद डिस्कला बाजूला सारलं होतं, तिनंच एवढ्या तरी राखल्या.

उरलेल्या ८२ गावात होत्या, कागदावर. आण्णांनी फोन करून दवंडीसारखी बातमी फिरवली. मी तोवर २५६ जीबीची एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं, रॅम ८ जीबी केली, आर ड्राइव्ह काढून डेटा परत डिस्कवर आणला. एसएसडीत फिरणारं काही नसतं, आणि तिच्यात अडकवलेला विद्युतभार वीज गेली तरी जागेवर राहतो. नवी बॅटरी दोन दिवसांनी मिळणार होती.

चारला आण्णांच्या मागं गाडीवर बसून गावात पोचलो. टेबलावर पावत्यांचा ढीग. कुणाच्या खिशात चुरगळलेली, कुणाची धारेच्या हातानं ओली झालेली. एका आजींनी पदराची गाठ सोडून पावती काढली, ती निम्मी काळी. चुलीच्या फळीवर ठेवली होती, आणि या कागदावर उष्णतेनंच छापलं जातं. खिडकीत उजेडासमोर तिरकी धरली तेव्हा वजन दिसलं, ३.० लिटर. फॅट काही केल्या दिसेना. चेअरमननी तिथल्या तिथं सांगितलं, काल सकाळचा लावा. आजी म्हणाल्या, "लावा, पर पावती माजी मला परत द्या."

साडेपाचला १४३ पुऱ्या झाल्या. सकाळी टँकरला घातलेल्या दुधाची बेरीज काढली, दीड लिटरचा फरक. आण्णा म्हणाले, तेवढा रोजच असतो.

संध्याकाळचं संकलन सुरू झालं. पावती दोन-अडीच सेकंदांत येत होती, रांगेत कुणाला फरक कळलाही नसेल. वीस नोंदी झाल्यावर मी आण्णांना म्हटलं, "आता प्लग काढा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. सकाळी आवाज चढवलेला तो माणूसही रांगेत होता, तो पुढं झाला. आण्णांनी वाकून प्लग ओढला. पडदा काळा. कुणी बोललं नाही. पुन्हा लावला, बटण दाबलं, विंडोज येईपर्यंत सगळे टेबलाभोवती दाटले. प्रोग्रॅम उघडला. आण्णांनी चष्मा वर सारून मोठ्यानं वाचलं, "वीस. कोड ८७, म्हैस, तीन लिटर दोनशे." मग ड्रॉवर उघडून जुनी वही काढली आणि एकविसावी नोंद आधी तिच्यात लिहिली.