फॉर्मलिन भरण्यापासून फॉर्मलिनला पर्याय देण्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय उभा राहिला तो फॉर्मलिनवर, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूच्या पाण्यातल्या द्रावणावर. पिंपांतून येणारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण पाणी आणि फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या क्षारांत) मिसळायचे, त्यापासून १० टक्के बफर फॉर्मलिन तयार करायचे आणि ते लहानमोठ्या बरण्यांत भरून पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांना पोहोचवायचे, एवढेच काम आम्ही पहिली काही वर्षे केले. शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेला तुकडा या बरणीत पडला की तो कुजत नाही, पेशींची रचना जशीच्या तशी गोठून राहते आणि पुढे त्याचे पातळ काप घेऊन निदान करता येते. मागणी कायम होती, पद्धत ठरलेली होती, आणि या कामात काही बदलायला हवे असे आम्हाला वाटतही नव्हते.

तसे वाटायला लागले ते बरण्या भरणाऱ्या आमच्या ताईंच्या हातांकडे पाहून. आठवड्याच्या सुट्टीनंतर त्या कामावर येत तेव्हा त्यांची बोटे बरी झालेली असत. दोन-तीन दिवस गेले की बेचक्यांत खाज सुटे, कातडी लाल होई आणि नखांच्या कडेला भेगा पडत. हातमोजे बदलले, पंखे वाढवले, तरी त्रास पूर्ण थांबला नाही. एकदा मी त्यांना विचारले की वासाचा त्रास होतो का. त्या म्हणाल्या, "आता नाही हो होत, सवय झाली." त्या वेळी मला ते ऐकून हायसे वाटले होते, आणि याची खंत मला आजही आहे, कारण नाकाला वासाची सवय होते म्हणून हवेतली वाफ कमी होत नाही, उलट धोक्याची सूचना देणारी खूण तेवढी नाहीशी होते.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली, आणि युरोपीय संघातही २०१६ पासून त्याचे वर्गीकरण कर्करोगकारक म्हणून अधिक कडक झाले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी हवेतली सरासरी मर्यादा दहा लाख भागांत ०.७५ भाग इतकी आहे. मला सर्वांत अस्वस्थ केले ते मात्र एका जुन्या गोष्टीने. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडच्या जंतुनाशक गुणांवर काम करत असताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी टणक झाली, आणि त्यावरूनच हा पदार्थ ऊती टिकवण्यासाठी वापरता येईल हे त्यांच्या ध्यानात आले. ऊतींच्या नमुन्यावर जे घडते तेच हाताळणाऱ्याच्या कातडीवरही घडते, हे पहिल्याच दिवशी दिसले होते.

पर्याय शोधताना आम्ही सुरुवात अल्कोहोलपासून केली. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या रेणूंमध्ये मिथिलीनचे पूल बांधते. अल्कोहोल तसे काही करत नाही, ते ऊतीतले पाणी खेचून घेते आणि प्रथिने साकळवते. त्यामुळे डीएनए आणि आरएनए पुष्कळ चांगले टिकतात, ही जमेची बाजू. मात्र ऊती आक्रसते, बाहेरचा थर कडक होतो आणि लाल रक्तपेशी फुटतात. एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आतड्याच्या तुकड्याची आमची पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, ग्रंथींभोवती पडलेल्या पांढऱ्या फटी मला दाखवल्या आणि विचारले, "या फटी आजाराच्या आहेत की तुमच्या द्रवाच्या, हे मी कसं ठरवायचं?" त्यांच्या या प्रश्नाने आमच्या कामाला वळण दिले. जवळपास १३० वर्षांत पॅथॉलॉजिस्टची नजर फॉर्मलिनने घडवलेल्या चित्रावर तयार झाली आहे, आणि नव्या द्रवात ऊती नुसती टिकून भागत नाही, ती त्या नजरेला ओळखूही यावी लागते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे साठवण आणि वाहतुकीची काळजी होतीच.

मग आम्ही ग्लायॉक्सलकडे वळलो. हेही अल्डिहाइडच आहे, पण पाण्यातल्या द्रावणातून त्याची वाफ जवळजवळ उठत नाही आणि रचनेचे चित्र फॉर्मलिनच्या बरेच जवळ जाते. इथे आमची मोठी चूक झाली. आम्ही तयार केलेले द्रावण आम्लधर्मी होते, आणि त्याचा परिणाम काय होईल हे तपासण्याआधीच आम्ही चाचणीसाठी नमुना-बरण्या दिल्या. स्तनाच्या एका तुकड्यात क्ष-किरण चित्रात कॅल्शियमचे बारीक कण स्पष्ट दिसत होते आणि आमच्या द्रवातल्या स्लाइडवर ते नव्हते; आम्लाने ते विरघळले होते. त्याच नमुन्याचा दुसरा भाग फॉर्मलिनमध्ये ठेवलेला असल्यामुळे निदानात खोट आली नाही. तरीही त्या दिवशी आम्ही बाहेर गेलेली प्रत्येक बरणी परत मागवली, आणि जोडीचा फॉर्मलिन नमुना असल्याशिवाय कोणतीही चाचणी करायची नाही हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही.

पुढचा रस्ता दुसऱ्यांच्या संशोधनाने दाखवला. इटलीतील जानी बुसोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आम्लविरहित ग्लायॉक्सलवरचे काम प्रसिद्ध केले, ज्यात द्रावणातली आम्ले आयन-विनिमय रेझिनने (आम्लाचे आयन धरून ठेवणाऱ्या दाण्यांनी) काढून टाकली होती. ते वाचल्यावर आम्हीही आम्ल काढण्याची आणि पीएच स्थिर राखण्याची व्यवस्था बसवली. मग जोडनमुन्यांचे काम सुरू झाले: एकाच तुकड्याचे दोन सारखे भाग, एक फॉर्मलिनमध्ये आणि एक आमच्या द्रवात, दोन्ही २४ तास, पुढची प्रक्रिया, पॅराफिन मेणात बसवणे आणि मायक्रोटोम या यंत्राने घेतलेले पातळ काप अगदी सारखे, आणि स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक. कोणता भाग कशात होता हे वाचणाऱ्या डॉक्टरांना माहीत नसे. हे काम फार सावकाश चालते आणि त्यातून लगेच काही विकता येत नाही, पण याच्याशिवाय दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

सर्वांत अवघड भाग प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमके चिकटणारे रेणू, वापरून केल्या जाणाऱ्या तपासण्यांचा आहे. १९९१ नंतर उष्णता देऊन प्रतिजन (प्रतिपिंड जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग) पुन्हा उघडे करण्याची पद्धत रूढ झाली आणि बहुतेक प्रतिपिंडांची कृती फॉर्मलिनमधल्या ऊतीवरच बसवली गेली. दुसऱ्या द्रवातल्या ऊतीला तीच उष्णता कधी जास्त होते, कधी तिची गरजच नसते. म्हणून प्रत्येक प्रतिपिंड नव्याने तपासावे लागते. स्तनाच्या कर्करोगातल्या हॉर्मोन ग्राहकांच्या आणि एचईआर-२ या प्रथिनाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या, तपासणीसाठी तर मार्गदर्शक सूचनांमध्येच बफर फॉर्मलिन आणि ६ ते ७२ तास हा काळ नमूद आहे. त्यामुळे आमच्या बरणीवर ठळक अक्षरांत छापलेले असते की प्रयोगशाळेने स्वतः पडताळणी केल्याशिवाय या तपासण्यांसाठी हा द्रव वापरू नये. यामुळे विक्री कमी होते असे आमच्या वितरकांचे म्हणणे आहे. ते खरे असेल, पण त्या बरणीच्या दुसऱ्या टोकाला एक रुग्ण आहे.

'निर्धोक' हा शब्दही आम्ही छापत नाही. ग्लायॉक्सल कातडीला झोंबते, त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि पेशींच्या जनुकांवरील त्याच्या परिणामांबद्दल शंका नोंदवलेल्या आहेत. हातमोजे घालावेच लागतात. फरक आहे तो श्वासातून आत जाणाऱ्या वाफेचा, आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेले नमुने तपासून कापण्याच्या, टेबलाशी दिवसभर उभ्या असणाऱ्या टेक्निशियनसाठी तो फरक फार मोठा आहे.

फॉर्मलिन आम्ही आजही पुरवतो, परंतु फक्त आधी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बरण्यांत, म्हणजे प्रयोगशाळेत कोणाला ते ओतावे लागत नाही. आमच्याकडचे भरणेही आता बंद यंत्रात होते. मोठे नमुने शस्त्रक्रियागृहातच निर्वात पिशवीत बंद करून ४ अंश सेल्सियसला प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था आम्ही काही ठिकाणी बसवून दिली आहे. तिच्यामुळे वाटेत फॉर्मलिन लागतच नाही, आणि माझ्या मते आम्ही दिलेल्या सगळ्या पर्यायांत सर्वांत जास्त उपयोग याचा झाला.

ताईंच्या हातांच्या भेगा भरल्या आहेत. जोडनमुन्यांची वही आता त्याच सांभाळतात, आणि त्यांच्या सहीशिवाय एकही जोडी पुढे जात नाही. सध्या त्या वहीत चरबीयुक्त मोठ्या नमुन्यांची मोजणी चालू आहे: तुकडा पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत कापला, तर मध्यापर्यंत द्रव पोहोचायला किती तास लागतात, आणि न कापता ठेवला तर किती.