लोडसेलचं सर्टिफिकेट आणि सात आठवडे

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी एका छोट्या टर्बोजेटचं, म्हणजे साध्या जेट इंजिनाचं, गणिती मॉडेल करायचं आणि टेस्ट सेलमधल्या (इंजिन चाचणीच्या खोलीतल्या) आकड्यांशी ते जुळवून दाखवायचं, एवढंच काम होतं. कॉम्प्रेसर-टर्बाइनचे मॅप (कुठल्या वेगाला ते कसे चालतात त्याचे आलेख), कोड, सगळं महिन्याभरात झालं. अडलं ते थ्रस्टवर, म्हणजे इंजिन पुढे ढकलतं त्या जोरावर.

इंजिन पुढेमागे हलू शकणाऱ्या चौकटीवर बसवतात आणि ती चौकट लोडसेलवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या सेन्सरवर, जोर देते. लोडसेलच्या कॅलिब्रेशनचं (तो बरोबर मोजतो हे तपासल्याचं) सर्टिफिकेट असल्याशिवाय रन नाही, म्हणजे इंजिन चालवायचं नाही, असा आमच्याकडे नियम. नियम योग्यच आहे. पण ज्या लॅबकडे पाठवला तिथे सात आठवडे गेले! आधी अर्ज परत आला, कारण सही होती पण शिक्का नव्हता. मग सर्टिफिकेट आलं तर सिरियल नंबरातला एक आकडा चुकलेला. चूक त्यांची, तरी नवा अर्ज आणि नवी फी माझी. दर सोमवारी फोन केला की ‘साहेब रजेवर आहेत’. अजूनही आठवलं की संताप होतो. तुम्ही पाठवाल तेव्हा लोडसेलवरच्या नंबरप्लेटचा फोटो अर्जालाच जोडा.

एवढं करून पहिल्या रनला थ्रस्ट मॉडेलपेक्षा सहा टक्के कमी. चार दिवस मी कॉम्प्रेसरची एफिशियन्सी खाली ओढत बसले, म्हणजे बरोबर असलेलं मॉडेलच बिघडवत होते. खरा दोष इंधनाच्या ताठ नळीत आणि वायरींच्या जुडग्यात होता. थोडा जोर तेच पेलत होते. सर्टिफिकेट एकट्या लोडसेलचं, चौकटीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मग सगळं जोडलेलं ठेवून, नळीत दाब चढवून, कप्पीवरून वजनं टांगली. १० किलो म्हणजे ९८ न्यूटन, लोडसेल ९२ वर थांबला. नळी थ्रस्टच्या दिशेला काटकोनात, सैल वळसा देऊन बसवल्यावर ९७ च्या पुढे गेला. वजनं उतरवतानाचे आकडेही लिहून घ्या, चौकट कुठे अडकत असेल तर तिथेच कळतं. एका दुपारचं काम, कुणाची सही लागली नाही. दुसरा लोडसेल लावून ते त्या सात आठवड्यांतच करता आलं असतं.

आणखी एक, हवेचा दाब मोबाइलवरून घेऊ नका. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. ॲप समुद्रसपाटीला आणलेला आकडा देतं, १००६ हेक्टोपास्कल वगैरे, टेस्ट सेलमधला बॅरोमीटर ९४३ च्या आसपास असतो. प्रमाण हवेला थ्रस्ट आणताना, म्हणजे ठरावीक प्रमाण दाबाला तो किती आला असता ते काढताना, याच दाबाच्या प्रमाण दाबाशी असलेल्या गुणोत्तराने भागतो. माझ्या ज्युनियरचे तीन रन यातच चुकले.

माझा शेवटचा रन मॉडेलपासून दीड टक्क्यावर आला.