सगळे वर्कर हिरवे आणि पॉलिसी एक पण निघेना

विम्याच्या बॅकएंडवर काम करणाऱ्याला ३१ मार्च म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, कर वाचवायला विमा घ्यायची आठवण अर्ध्या भारताला त्याच दिवशी होते. आमच्याकडे ग्राहकाने पैसे भरले की क्यूत (कामांच्या रांगेत) एक टास्क पडतो, वर्कर म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम तो उचलतो, पॉलिसीची पीडीएफ बनवतो, बाहेरच्या एका व्हेंडरच्या एपीआयकडून (त्याच्या ऑनलाइन सेवेकडून) तिच्यावर डिजिटल सही घेतो आणि मेल टाकतो. पायथन, वर्कर चालवणारी सेलेरी, क्यू सांभाळणारं रॅबिटएमक्यू, सगळं कुबरनेटिसवर (प्रोग्रॅम चालते ठेवणारी यंत्रणा), १२ पॉड म्हणजे तिच्यातले वेगवेगळे डबे, प्रत्येकात काम करणारे ८ चाइल्ड प्रोसेस.

दुपारी जेवून जागेवर येतोय तोच सपोर्टवाल्या मॅडमचा फोन, "अरे पैसे कापले गेलेत आणि पॉलिसी येत नाहीये म्हणून लोक शिव्या घालतायत, तुमच्याकडे काही बंद आहे का?" डॅशबोर्ड उघडला तर १२ च्या १२ पॉड हिरवे. रीस्टार्ट शून्य. सेलेरीचं इन्स्पेक्ट पिंग चालवलं, म्हणजे जिवंत आहात का विचारलं, सगळीकडून पटापट पाँग आलं. सीपीयू मात्र जवळजवळ झोपलेला, आणि ३१ मार्चला सीपीयू झोपलेला असणं हेच मुळात भुताटकीसारखं.

रॅबिटएमक्यूच्या स्क्रीनवर रेडीचा (वाट बघणाऱ्या टास्कचा) आकडा चढत होता आणि अनअॅक्डचा (उचललेल्या पण झाल्याची पोच न आलेल्या टास्कचा) ३८४ वर गोठलेला. १२ पॉड, ८ चाइल्ड, प्रीफेचचा (चाइल्डमागे आगाऊ उचलायच्या टास्कचा) डिफॉल्ट ४, गुणाकार करा. म्हणजे वर्करांनी हात भरून टास्क घेतलेत पण एकही पूर्ण करून परत देत नाहीयेत.

मॅनेजर मागे येऊन उभे, "रीस्टार्ट मारा ना सगळे." बरोबरच होतं त्यांचं, पण माझ्या शेजारी बसणारा सीनियर म्हणाला सर दोन मिनिटं द्या, रीस्टार्ट मारला की पुरावा पण जाईल आणि रात्री परत हेच होईल. मला हे फार पटलं. पॉडमध्ये दुसऱ्या प्रोसेसच्या पोटात डोकवायची परवानगी नव्हती म्हणून थेट नोडवर (पॉड ज्या मशीनवर चालतात तिथे) जाऊन एका चाइल्डवर पाय-स्पाय या टूलचा डंप घेतला, म्हणजे तो कोडच्या कुठल्या ओळीवर थांबलाय ते बघितलं. सहीच्या एपीआयचा कॉल, त्याच्या आत वेबवर विनंती पाठवणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी, त्याच्या आत एसएसएलचं रीड म्हणजे उत्तराची वाट, बस. दुसरा चाइल्ड बघितला, तीच ओळ. तिसरा, तीच.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला स्वतःचा टाइमआउट नसतो, तुम्ही दिला नाही तर ती अनंतकाळ वाट बघते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय आणि तरी निम्म्या प्रोजेक्टात कुणी देत नाही. आदल्या रात्रीपासून व्हेंडर अधूनमधून उत्तराला कित्येक मिनिटं घेत होता, तेवढ्यात मधल्या नॅटने (नेटवर्कचे पत्ते बदलून देणाऱ्या टप्प्याने) शांत पडलेलं कनेक्शन विसरून टाकलं आणि नंतर आलेलं उत्तर कुणाकडे द्यायचं ते त्याला कळेना. आमच्या बाजूला कनेक्शनची यादी देणारी एसएस कमांड अजून एस्टॅब्लिश्डच (जोडलेलं) दाखवत होती, आणि टायमरचा रकाना रिकामा, म्हणजे समोरचा आहे का ते अधूनमधून विचारणारा कीपअलाइव्ह चालूच नाही. (चालू असता तरी लिनक्सचा डिफॉल्ट ७२०० सेकंदांचा, म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी.)

मग पिंगला उत्तर कोण देत होतं? तर पालक प्रोसेस. सेलेरीच्या प्रीफोर्क पद्धतीत काम चाइल्ड करतात, आणि पिंगला पाँग आणि रॅबिटएमक्यूला हार्टबीट (मी जिवंत आहे असा ठोका) देतो तो वरचा पालक. साइटवर मुकादमाला फोन करून माणसं आलीत का विचारावं आणि त्याने गेटवरूनच हो हो आलीत म्हणावं, तसा आमचा लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का याची कुबरनेटिसची तपासणी) दर मिनिटाला मुकादमाची हजेरी घेत होता. गंमत म्हणजे त्याच पालकाला इन्स्पेक्ट अॅक्टिव्ह विचारलं की कुठला टास्क कुठल्या पीआयडीवर (प्रोसेसच्या नंबरवर) कधी सुरू झाला ते सगळं घडाघडा सांगतो. त्यात रात्री पावणेदोनला सुरू झालेले टास्क होते!

पूर्ण झालेल्या टास्कचा रात्रीपासूनचा ग्राफ काढला तर चक्क जिना. एकेक चाइल्ड अडकत गेला, प्रत्येक वेळी एक पायरी खाली, पण रात्री लोड कमी म्हणून उरलेले पुरून उरले. दुपारी शेवटचे पण अडकले.

मग रीस्टार्ट. तो पण सरळ होईना, कारण टर्म सिग्नल (बंद व्हायची विनंती) मिळाला की सेलेरी हातातलं काम संपायची सभ्यपणे वाट बघते आणि हे काम संपणारच नाही. ३० सेकंदांचा ग्रेस पिरियड गेला की कुबरनेटिस किल मारतं, तेव्हा कुठे सुटका. अॅक लेट (काम संपल्यावरच पोच देणं) ठेवलेलं होतं म्हणून टास्क हरवले नाहीत, क्यूत परत आले. काहींची सही व्हेंडरकडे आधीच झालेली असल्यामुळे त्या दुसऱ्यांदा झाल्या आणि व्हेंडरच्या बिलावर दिसल्या, ते भांडण वेगळं. एकेक पॉड हळूहळू उठवला, सगळे एकदम सोडले असते तर व्हेंडर पुन्हा आडवा झाला असता. टाइमआउटची एक ओळ टाकायला इयर एंडच्या कोड फ्रीझमधून (कोड बदलायच्या बंदीतून) मंजुरी काढणं हा वेगळाच सोहळा, त्यात तीन विभागांच्या सह्या. रात्री साडेअकराला क्यू रिकामी झाली.

नंतर प्रोब काय ठेवायचा यावर बरीच डोकेफोड झाली. टास्क संपला की फाइलला टच करायचं (तिची वेळ ताजी करायची) आणि फाइल जुनी झाली की वर्कर मेला समजायचं, हे सुचतं पहिल्यांदा, पण रात्री क्यूच रिकामी असते तेव्हा धडधाकट वर्कर मारले जातात. दर मिनिटाला खोटा टास्क सोडावा तर आठातला एक चाइल्ड जिवंत असला तरी तो पास होतो. शेवटी चाइल्डगणिक चालू टास्कचं वय मोजायला लागलो, आणि क्यूतल्या सगळ्यात जुन्या मेसेजचं वय. वय वाढलं की अलार्म वाजतो, पॉड आपोआप मारत नाही, हे मी हट्टाने ठेवून घेतलं. व्हेंडर बंद पडला तर १२ पॉड एका सुरात मरत आणि उठत राहणार, त्यातून कुणाचं भलं होणार आहे?

वादाचा मुद्दा एकच उरलाय, किती वय म्हणजे जास्त. साध्या पॉलिसीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. पण कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीचा टास्क खरोखरच पाऊण तास चालतो, त्याच्यासाठीच रॅबिटएमक्यूचा ३० मिनिटांचा कन्झ्यूमर टाइमआउट (तेवढ्यात पोच आली नाही तर टास्क परत क्यूत टाकणारा) कुणीतरी कधीकाळी वाढवून ठेवलाय, नाहीतर रात्रीच बोंब झाली असती. तो टास्क तोडून लहान करा असं मी म्हणतोय, ग्रुपवाली टीम म्हणते पुढच्या क्वार्टरला बघू.