शंभरातून सात

"शंभरातून सात वजा करा," असं दवाखान्यातल्या त्या मुलीने म्हटल्यावर अप्पांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की मीच खुर्चीत आक्रसले. "चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले मी. तुम्हाला येत नाही का?" मग हाताची घडी. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढा म्हटलं, तर "भिंतीवर आहे की!" पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, ते "नंतर बघू."

ही मोका चाचणी, म्हणजे स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारी, 30 गुणांची, जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची. आणि मी काय केलं? ओशाळून मदत! वार विचारल्यावर नुसते ओठ हलवून "गुरुवार" म्हटलं. अप्पाही प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्याकडे मान वळवत होते. मला वाटलं, लेकीचा आधार वाटतोय. ती वळणारी मानही डॉक्टर टिपून ठेवतात, हे नंतर कळलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी चाचणी थांबवली, गुण मांडलेच नाहीत. तेव्हा मला राग आला होता, फेरी फुकट गेली म्हणून. पण उत्तर न येणं वेगळं आणि न देणं वेगळं. एकदा कागदावर 30 पैकी 9 असा आकडा चढला असता, तर पुढच्या डॉक्टरांना तो फरक कोण सांगत बसणार होतं?

दुसऱ्या खेपेला सकाळची वेळ घेतली. चष्मा पुसला, श्रवणयंत्र कानात बसवलं. (पहिल्या वेळी ते माझ्या पर्समध्ये होतं. हो, माझ्याच.) मला बाहेर बसवलं. त्या मुलीने आधी अप्पांच्या नोकरीबद्दल विचारलं, अगदी निवांत. मग म्हणाली, "काही प्रश्न पोरकट वाटतील, काही भल्याभल्यांना अडवतात. मी सगळ्यांना हेच विचारते." दार किलकिलं होतं. अप्पांचा आवाज ऐकू येत होता. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.

मग बराच वेळ काहीच नाही.

"कितीतून वजा करत होतो आपण?" अप्पांनी विचारलं. आवाजात त्या दिवशीची गुर्मी औषधालाही नव्हती.

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "मुलगी हुशार आहे गं. फक्त वजाबाकी करताना मध्येच थांबते."