तुम्ही विचारलंत म्हणून: मावशींना दारातून परत का पाठवलं

लग्नात, दहाव्याला, चोपड्याच्या बस स्टँडवर, कुठंही भेटा, पाच मिनिटांत गाडी तिथेच येते. "सासूची सख्खी बहीण होती हो, आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आलेली, तिला दारातून परत पाठवलंत?" आणि हे म्हणताना बघतात माझ्याकडे, ह्यांच्याकडे कोणी बघत नाही. सून ना मी.

सासूबाईंना काय झालं, कुठली गाठ, ऑपरेशन कधी, ते तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे, ते सोडा. कॅन्सरची केमो ठरली ती अशी, 21 दिवसांनी एक असे चार डोस लाल औषधाचे, मग दर आठवड्याला एक असे बारा. लाल औषध म्हणजे खरंच लाल, रूहअफ्जासारखं, दुसऱ्या दिवशी लघवी पण लाल होते, आई घाबरून रडल्या होत्या की रक्त जातंय म्हणून. हे आधी सांगितलेलं असतं पण त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात राहतं.

पहिल्या डोसनंतर मी कोणालाच अडवलं नव्हतं हे कोणी सांगत नाही. माणसं किती आली मोजली नाहीत, पण दूध रोज दोन लिटर जास्त लागायचं. चहा करायचा, कपबश्या विसळायच्या, आणि आत पलंगाजवळ बसून कोणीतरी सांगतंय, आमच्या नणंदेला पण हेच होतं, चारच महिने काढले बिचारीने. आई ऐकतायत. वर गव्हांकुराचा रस पाजा, हे बंद करा ते बंद करा. मी तोंड मिटून चहा गाळत होते.

नवव्या दिवशी रात्री अंग गरम लागलं. 101.2. आता माझी चूक सांगते, कारण तीही विचारत नाही कोणी. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं होतं की 100.4 च्या वर ताप गेला की वाट बघायची नाही, रात्र असो पहाट असो, निघायचं. कागद मी फाइलमध्ये नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. घरात आपण ताप आला की काय करतो, पॅरासिटामॉल दिली. ताप उतरला. मला एवढं बरं वाटलं की मी झोपले. पहाटे हुडहुडी भरली, दात वाजत होते, उभं केलं तर पाय लटपटले. अडावद, धानोरा, तापीचा पूल, जळगाव येईपर्यंत त्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून नुसत्या "पाणी, पाणी" करत होत्या. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकूण सहाशेच. डॉक्टर ओरडले नाहीत, रात्रीच का नाही आणलं एवढंच म्हणाले. सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. गोळीने ताप झाकला जातो, आतलं चालूच राहतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या सहा दिवसांत मी ठरवलं, आता घरात कोणी नाही. हे पण हो म्हणाले, तेवढ्यापुरते.

दुसऱ्या डोसचा दहावा दिवस आणि आखाजी एकाच दिवशी आली. पेशी वाढायची इंजेक्शनं चालू होती, लाईट गेली की ती थर्मासमध्ये ठेवायची, बर्फाला चिकटू द्यायची नाहीत, हे सगळं माझ्याच अंगावर. ओट्यावर घागर भरून ठेवलेली, गॅसवर पुरण, आणि आईंच्या तोंडात इतके फोड की सकाळपासून दोन घोट मुगाचं पाणी गेलेलं. अकराच्या सुमारास मावशी दारात. शिरपूरहून एसटीने, त्या उन्हात, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत खापरावरचे मांडे आणि स्टीलच्या डब्यात आमरस.

त्या खोकत होत्या. दोनदा खोकल्या, मी मोजलं. आता वाटतं उन्हाने घसा सुकला असेल.

मी म्हटलं मावशी, आत नका येऊ, पेशी कमी आहेत. त्यांना वाटलं मी पाय धुवायचं सांगतेय, त्या चप्पल काढायला लागल्या. मग मी दारात आडवी झाले. खरंच आडवी, चौकटीला हात लावून. त्या म्हणाल्या, "मनी बहीन शे ती. माले भेटू बी नही?" मी म्हटलं 15 दिवसांनी या. बाहेरच्या ओट्यावर तांब्या-भांडं दिलं पाण्याचं, ते प्याल्या. बसा मात्र मी म्हटलं नाही. पिशवी चौकटीपाशी ठेवली आणि गेल्या, मागे वळून बघितलं नाही. हे त्या वेळी मळ्यात होते.

ऑपरेशनच्या वेळी मावशी चारचौघांत म्हणाल्या होत्या की सुनेच्या हातचं खाऊन खाऊन रोग लागला. ते मी विसरले नव्हते. नियम खरा होता, मी आजही म्हणते खरा होता, पण त्या दिवशी दारात मी होते आणि माझ्या मागे ते वाक्य पण उभं होतं. किती नियम आणि किती ते वाक्य, मला वेगळं काढता येत नाही.

आमरस मी मोरीत ओतला, कापलेलं बाहेरचं फळ द्यायचं नव्हतं. मांडे स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्यानेच मी खाल्ले, दोन, भूक लागली होती. डबा घासून पालथा घातला. संध्याकाळी आई भिंतीला धरून पाणी घ्यायला आल्या, डब्याच्या बुडावर मावशींचं नाव कोरलेलं, ते वाचलं आणि विचारलं, "ती गयी का?" एवढंच. रात्री मुगाचं पाणीही घेतलं नाही.

तिसऱ्या डोसच्या वेळी मी डॉक्टरांना फुशारकीने सांगितलं की आता कोणाला येऊ देत नाही. ते म्हणाले, आजारी माणसाला लांब ठेवलंत ते बरोबरच, पण बऱ्याचदा हे जंतू पेशंटच्या स्वतःच्याच तोंडातले, आतड्यातले असतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात ना वेळेवर? म्हणजे पहिला ताप त्या चहावाल्या माणसांनी आणला की तोंडातल्या फोडांनी, कोणाला माहीत. मी तर सगळ्यांच्या नावावर बिल फाडून ठेवलं होतं.

आणि खोलीला खिडकी होती. बाहेरच्या ओट्यावरच उघडते. बाहेर खुर्ची टाकली असती, आईंना उशी लावून बसवलं असतं, दोघी बहिणी गजातून बोलल्या असत्या. तेव्हा का नाही सुचलं असं स्वतःला विचारलं की उत्तर येतं, दमले होते. मग दुसरं उत्तर येतं, सुचून घ्यायचंच नव्हतं.

आईंचे केस आले, कुरळे आले, आधी सरळ होते. मावशींशी फोनवर तासभर बोलतात. मावशी सगळ्यांची चौकशी करतात, म्हशीची सुद्धा, माझी नाही. डबा अजून आमच्याकडेच आहे.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एकीच्या नवऱ्याची केमो सुरू झाली, ती विचारायला आली, वहिनी, लोकांना येऊ देऊ का? मी म्हटलं आधी थर्मामीटर घे, सेल टाकून बघ, आणि तो कागद फाइलमध्ये नको, फ्रिजवर चिकटव. ती म्हणाली ते करते, पण लोकांचं काय? मी चहा ठेवायला उठले.