प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावे?

गेल्या गणपतीत दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आरती आटोपली आणि प्रसाद हातावर ठेवता ठेवता शेजारच्या काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तू त्यातलीच ना गं? मग सांग, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यायचं?" यकृताच्या आजारांतील प्रतिकारशक्तीवर मी संशोधन करते हे कळल्यापासून वडोदऱ्यातले निम्मे आप्त मला हेच विचारतात आणि मी बहुधा वेळ मारून नेते. आता तुम्हीही विचारलेत म्हणून नीट लिहिते. ज्यांच्या रक्ताचे नमुने माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांचे यकृत प्रतिकारशक्ती कमी पडल्याने नव्हे, तर तिच्याच माऱ्याने बिघडलेले असते.

हेपॅटायटिस बीचेच पाहा. हा विषाणू यकृताच्या पेशींत शिरून वाढतो, पण त्यांना स्वतः सहसा मारत नाही. त्याने व्यापलेल्या पेशी हुडकून मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळाचे शरीर ही झुंज देत नाही, आणि म्हणूनच अशा १०० पैकी सुमारे ९० बाळांत विषाणू कायमचा ठाण मांडतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ च्या आत असते. पहिली लस जन्मापासून २४ तासांत द्यावी हा आग्रह याचसाठी.

मुळात यकृत सोशिक असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून, अन्नाचे आणि जिवाणूंचे अंश घेऊन येते. त्या प्रत्येकाशी भांडायचे ठरवले तर रोजचे जेवणही महाग पडेल. हा सोशिकपणा सुटला आणि प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवरच उलटली, की त्याला ऑटोइम्यून हेपॅटायटिस म्हणतात. तो स्त्रियांत अधिक आढळतो.

तो ओळखण्याची एक जुनी चाचणी मला अजूनही आवडते. उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे पातळ काप एकाच काचपट्टीवर घ्यायचे, त्यांवर रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) सोडायचे, म्हणजे त्यातली स्वतःवरच उलटलेली प्रतिपिंडे (प्रतिकारशक्तीची प्रथिने) कापांना चिकटतात, मग धुवायचे, त्यांना चिकटणारे, चकाकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालून पुन्हा धुवायचे आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. एखाद्या रुग्णात जठराचा स्नायूंचा थर हिरवा उजळतो, एखाद्यात पेशींची केंद्रके, तर क्वचित यकृताच्या पेशी आणि मूत्रपिंडाच्या नलिका. (एकदा घाईत मी धुणे अर्धवट उरकले; सगळी पट्टी हिरवीगार झाली आणि दिवस फुकट गेला.)

या शेवटच्या प्रकारचे प्रतिपिंड हेपॅटायटिस सीच्या काही रुग्णांतही सापडते, आणि इंटरफेरॉनच्या काळात त्यामुळे मोठी पंचाईत होई. विषाणूसाठी इंटरफेरॉन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध, द्यावे तर यकृतावरचा स्वतःचाच हल्ला भडकण्याची भीती, आणि तो हल्ला स्टेरॉइडने दडपावा तर विषाणू फोफावण्याची. २०१३ नंतर थेट विषाणूला रोखणाऱ्या नव्या गोळ्या आल्या, बहुतेक रुग्ण साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने बरे होऊ लागले आणि ही पंचाईत बव्हंशी संपली. या गोळ्यांचे यश प्रतिकारशक्ती वाढवण्यात नाही, हे मला काकूंना सांगायचे होते.

कारण काकूंच्या फडताळात गुळवेलीच्या रसाची बाटली होती. इकडे तिला गळो म्हणतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या इजेचे रूप ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. दोष वनस्पतीचा की तिने आतला सुप्त आजार उघडा पाडला, हा वाद राहो. ज्यांना आधीच थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार आहे त्या काकूंनी तरी हा प्रयोग स्वतःवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

"मग कमी करायला काय घ्यायचं?" काकूंनी लगेच विचारले. तेही औषध आहे, प्रेडनिसोलोन आणि जोडीला अझाथायोप्रिन, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे. प्रतिकारशक्तीच्या धाकाने वर्षानुवर्षे दबून राहिलेला हेपॅटायटिस बी अशा औषधांनी पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी त्या विषाणूसाठी रक्त तपासून घ्यावे लागते.