मानशीवर अडलेला प्रोग्राम

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीत, एका मानशीजवळ पाण्याची पातळी नोंदवणारी आमची पेटी आहे. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. भरतीचं खारं पाणी रेटू लागलं की आपोआप मिटतो, ओहोटीला उघडतो. पेटीत रास्पबेरी पाय ३ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक होता. पण पावसाळी ढगांत सोलर पॅनल त्याला पुरेना, म्हणून कमी वीज खाणारा पाय झीरो डब्ल्यू लावायचं ठरलं.

रायबंदरहून फेरीबोट धरली, बोर्ड बदलला, मेमरी कार्ड तेच घातलं. झीरो सुरू झाला, लॉगिनही झालं. आमचा प्रोग्राम चालवला आणि एवढंच उमटलं: ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. पाय ३ वर हीच फाइल बिनतक्रार चालत होती! मानस सांभाळणारे काका बांधावरून म्हणाले, “कितें जालें रे? पेटी पाड जाली?” काय सांगणार, पेटी तर ठणठणीत होती.

चूक शोधायला डीबगर लावला, तर प्रोग्राम ‘मेन’पर्यंत, म्हणजे आमच्या मुख्य कोडपर्यंत, पोचतच नव्हता, त्याआधीच्या सुरुवातीच्या कोडमध्येच कोसळत होता. तिथे संशय आला. झीरोचा प्रोसेसर एआरएम ११, म्हणजे एआरएम प्रोसेसरांच्या व्ही ६ पिढीचा. २०१२ च्या पहिल्या पायमध्येही तोच होता. डेबियन या लिनक्स प्रणालीची एआरएमसाठीची ‘आर्मएचएफ’ आवृत्ती मात्र व्ही ७ पासून पुढची. म्हणूनच तर माइक थॉम्प्सन आणि पीटर ग्रीन यांनी डेबियनची पॅकेजेस व्ही ६ साठी नव्याने कंपाइल करून पायसाठी रास्पबियन उभं केलं. नाव मात्र तिथेही ‘आर्मएचएफ’च. आमची फाइल बनवली होती ती डेस्कटॉपवर, उबुंटू लिनक्सच्या तयार क्रॉस-कंपाइलरने, म्हणजे दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणाऱ्या कंपाइलरने, आणि तो व्ही ७ चा.

बोर्ड घेऊन पर्वरीला ऑफिसात परतलो. “मग कंपाइलरला व्ही ६ चा फ्लॅग दे की,” सहकारी म्हणाली. दिला. कंपाइलर थम्ब मोडवर, म्हणजे आखूड सूचनांच्या संचावर, अडला, तो मोड बंद केला. फाइल तयार झाली, पण फाइलीची माहिती दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’ने तपासली तर शिक्का व्ही ७ चाच! आमचा कोड व्ही ६ झाला होता. पण प्रत्येक प्रोग्रामला गुपचूप जोडल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या फाइली आणि कंपाइलरची मदतनीस लायब्ररी ‘लिबजीसीसी’ उबुंटूच्या पॅकेजातून येतात. त्या आधीच कंपाइल झालेल्या असतात, फ्लॅग त्यांना शिवतही नाही.

थेट झीरोवरच कंपाइल करा, असा सल्ला नेहमी मिळतो. एकच कोर, ५१२ एमबी रॅम, आणि आमचा सी प्लस प्लसचा पसारा! देणाऱ्याचं काय जातं.

शेवटी ‘क्रॉसटूल-एनजी’ने डेस्कटॉपवर व्ही ६ हार्ड-फ्लोटची (दशांश गणित हार्डवेअरवर करणारी) स्वतंत्र टूलचेन, म्हणजे कंपाइलर आणि सोबतची साधनं, बांधली आणि झीरोवरच्या लायब्ररी व हेडर ‘आरसिंक’ने सिसरूटमध्ये, म्हणजे टूलचेन लायब्ररी शोधते त्या फोल्डरमध्ये, ओढून घेतल्या. त्यातही एक खोच निघाली. काही सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या खुणा) ‘रूट’पासूनचा पूर्ण पत्ता धरून होत्या, म्हणजे डेस्कटॉपवर आल्यावर त्या डेस्कटॉपच्याच लायब्ररीकडे बोट दाखवू लागल्या. त्या सापेक्ष करून घेतल्यावर लिंकिंग पार पडलं.

पुन्हा खाडी ओलांडण्याआधी दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या ‘क्यूएमू’ला झीरोच्या एआरएम ११७६ प्रोसेसरचं सोंग घ्यायला लावलं. जुनी फाइल तिथेही तशीच पडली, नवी चालली. ही तपासणी आता बिल्ड स्क्रिप्टमध्येच टाकली आहे.